हाकेच्या अंतरावर

चौबळनं मशीन थांबवलं, फिल्म हातानं थोडी मागं फिरवली आणि मान न वळवताच विचारलं, "निमकर, हे मागं काय आहे रे?"

निमकर, चित्रपटाचा ध्वनिमुद्रक, भिंतीला टेकून चहा पीत होता. प्रभात रोडवरच्या एका बंगल्याचं गॅरेज चौबळनं संकलनासाठी मागून घेतलं होतं. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, कोपऱ्यात मालकांच्या मुलाची मोडकी तिचाकी, आणि सगळीकडे फिल्म जोडायच्या सिमेंटचा गोडसर, डोकं चढवणारा वास. मशीनच्या छोट्याशा काचेवर मालती, म्हणजे चौबळच्या चित्रपटातली तरुण विधवा, आंब्याखाली बसली होती. आपण घर सोडून कुठं जाणार नाही असं ती दिराला सांगत होती आणि मग गप्प होत होती. त्या गप्प होण्यासाठी चौबळनं एक अख्खी सकाळ खर्ची घातली होती. आता त्यानं आवाज वाढवला. मालतीचा श्वास खोलीभर झाला. मग पानांची सळसळ, कुणी सुपातून धान्य ओतत असल्यासारखी. आणि त्या सळसळीच्या मागून, फार खालून आल्यासारखी, एका पुरुषाची हाक आली. ती वर चढली आणि चढता चढता तुटली.

"...हाय का कुनी..."

"वा!" चौबळनं मांडीवर थाप मारली. "हे तू नंतर घातलंस?"

"नाही. तिथलंच आहे."

"मग तर कमालच झाली. बघ ना, ती गप्प झाली, आणि तिकडे लांब कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. ओ देणारं कुणी नाही. मला लिहूनसुद्धा असं सुचलं नसतं."

"बाहेरचा आवाज आहे तो," निमकर म्हणाला. "काढून टाकतो मी."

"खुळा आहेस का? हात लावायचा नाही त्याला."

चौबळनं फिल्म पुन्हा मागं नेली, पुन्हा पुढं सोडली. हाक पुन्हा चढली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तो फिल्म मागं नेऊ लागला तेव्हा निमकरनं कप तिचाकीच्या सीटवर ठेवला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तो बाहेर पडला. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. स्कूटरला किक मारताना आपले दोन्ही पाय शाबूत आहेत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

चौबळला काही माहीत नव्हतं. अपघात त्याला अर्थातच आठवत होता. मुळशीत चांद्याला शूटिंग चालू असताना विहिरीत दगड कोसळून भिकाजी नावाचा एक माणूस अडकला आणि युनिटच्या जीपमधून त्याला पुण्याच्या दवाखान्यात आणावं लागलं, ही हकिगत तो लोकांना सांगायचा, आणि पाय गेला तरी जीप होती म्हणून माणूस वाचला असं समाधानानं म्हणायचा. पण तो दगड नेमका कधी कोसळला आणि त्या वेळी आपण काय करत होतो, हे त्यानं कधी जुळवून पाहिलं नव्हतं. ते जुळवणं फक्त निमकरला शक्य होतं. ती हाक त्या दिवशी ऐकली होती ती फक्त निमकरनं.

डेक्कनवरून जाताना हॉर्न, बसचे ब्रेक, लिमलेटच्या गोळ्या विकणाऱ्याची घंटा, सगळं नेहमीप्रमाणे त्याच्या कानात वेगवेगळं शिरत होतं. त्याचे कान लहानपणापासून असेच होते. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते तो न बघता सांगायचा, आणि आई कौतुकानं शेजारणींना ते दाखवायची. पुढे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, मग ध्वनिमुद्रणाच्या कामात त्याला ह्या कानांनीच पोसलं. आज मात्र त्याला एकच गोष्ट स्वतःला विचारायची होती आणि तिच्याभोवती तो नुसता फिरत होता. त्या दिवशी शब्द कळले होते का? आज गॅरेजमध्ये आवाज वाढवल्यावर 'हाय का कुनी' स्पष्ट आलं. त्या दिवशी हेडफोनमध्ये काय आलं होतं? नुसता एक सूर आला होता, असं तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. गुराख्यानं गुराला घातलेली साद असावी तसा सूर. पण आता त्या सुराची आठवण काढली की त्यात शब्दच ऐकू येत. आठवणीला आजच्या आवाजाचा रंग लागला होता की शब्द पहिल्यापासूनच होते, हे आता ह्या जन्मात त्याला कळणार नव्हतं.

चौबळच्या चित्रपटाला पैसे कसे ते नव्हतेच. इतरांच्या चित्रपटांतून उरलेले फिल्मचे तुकडे मिळवून तो शूटिंग करत होता. मागाहून स्टुडिओत बसून संवाद पुन्हा भरायचे ही चैन परवडणारी नव्हती. आवाज मिळाला तर जागेवर, नाहीतर नाहीच. त्यामुळे चांद्याच्या त्या दिवसांत खरा राजा निमकर होता. कॅमेरा फार खरखरायचा म्हणून त्यानं त्याच्यावर गावातलीच एक जाड गोधडी पांघरली. माइकमध्ये वारा घुमू नये म्हणून बायकोच्या, कुंदाच्या, जुन्या स्वेटरची पिशवी शिवून घेतली. गाईबैलांच्या घंटांत गवत कोंबलं. पिठाची गिरणी बंद ठेवायला लावली. तो हात वर करायचा आणि गाव गप्प व्हायचं. कुत्र्यांना मांडीत धरून म्हातारी माणसं बसून राहायची, बायका बांगड्या मुठीत धरायच्या. मग हेडफोनमध्ये ती शांतता यायची, निवळलेल्या पाण्यासारखी, तळ दिसणारी. पुण्यात अशी शांतता कुणी त्याला कधी दिली नव्हती. मागितली की मिळते म्हटल्यावर त्याला तिची चटक लागली. एकदा मालती रडू आवरत बोलत असताना कावळा ओरडला, तर त्यानं "कट" म्हणून टेक थांबवला. एकदा लांबच्या रस्त्यावरून एस.टी. गेली म्हणून थांबवला. ध्वनिमुद्रकाचा तो हक्कच असतो. कावळ्यासाठी आपण थांबवला होता, हे आता त्याला अंघोळ करताना, जेवताना, केव्हाही आठवायचं.

ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती होती आणि तिथली माणसं स्वतःची विहीर खोदत होती. आजवर वस्तीतल्या बायकांना पाणी लांबून आणावं लागे. आता कुणाचं तोंड बघायला नको म्हणून वस्तीनं एकत्र येऊन ते काम हाती घेतलं होतं. घणाचे घाव सकाळपासून निमकरच्या कानात ठणकत होते. सांगायला तो स्वतः गेला. भिकाजी विहिरीतून वर आला, मुंडाशानं तोंड पुसलं. पन्नाशीचा, उंचापुरा, केसांत आणि भुवयांत दगडाची पांढरी भुकटी.

"किती येळ गप बसायचं?"

"दुपारपर्यंत. अगदी महत्त्वाचा प्रसंग आहे. जरासुद्धा आवाज नको."

"बरं. हुं द्या तुमचं," भिकाजी हसून म्हणाला. "आमची हीर काय पळून जात न्हाई."

माणसं घण खाली ठेवून आंब्याकडे शूटिंग बघायला आली. कॅमेऱ्यात फिल्मचा जो तुकडा होता तो त्या दिवसाचा शेवटचा होता. सकाळभर मालती कोरडी कोरडी बोलत होती, आणि आता, काय झालं कुणास ठाऊक, एकदम तिच्यात काहीतरी उतरलं. निमकरला ते चेहरा न बघता कळलं. तिचा आवाज खाली बसला, त्याला जडपणा आला. वाक्य संपलं. ती गप्प झाली. आणि ती ज्या दिशेला बसली होती, माइक ज्या दिशेला रोखलेला होता, त्याच रेषेत मागं ओढ्यापलीकडून ती हाक आली. यंत्रावरचा काटा हलला. काटा हललेला त्यानं पाहिला. त्यानं चौबळकडे पाहिलं. चौबळचे डोळे भरलेले होते. आसपास उभ्या असलेल्या कुणाचीही मान वळली नाही. उघड्या कानाला ऐकू जाण्यासारखी ती हाक नव्हतीच.

आपण त्या क्षणी काय विचार केला ते मात्र निमकरला पक्कं आठवत होतं, आणि त्यालाच तो घाबरत होता. हाक वाक्यावर आलेली नाही, मधल्या जागेत आली आहे, मागाहून काढता येईल, असा विचार त्यानं केला होता. वाक्यावर आली असती तर त्यानं नक्की हात वर केला असता, "कट" म्हटलं असतं, आणि चिडून का होईना, कोण ओरडतंय ते बघायला माणूस पाठवला असता. ती चुकून योग्य जागी आली. भिकाजीचं नशीब असं, की त्यानं कुणाच्या वाक्यात तोंड घातलं नाही.

मालतीनं पुढची दोन वाक्यं म्हटली. चौबळ "कट" म्हणाला. सगळ्यांनी निमकरकडे पाहिलं आणि निमकर म्हणाला, "साउंड ओके." नंतर, नेहमीप्रमाणे, सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून त्यानं त्या जागेची नुसती शांतता टेपवर घेतली. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला ती लागते. तीही सुरेख मिळाली. मग सगळे पिठलं-भाकरी खायला बसले. जेवणं झाल्यावर विहिरीवर परतलेल्या माणसांची आरडाओरड ऐकू आली.

बाकी सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. जीपच्या मागच्या बाजूला आडवा ठेवलेला भिकाजी, त्याच्या पायाला बांधलेल्या धोतराचा रंग. त्याची बायको केशरबाई तोंडात पदर धरून बसलेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं निमकरचे दोन्ही हात धरले होते. "तुमी व्हता म्हून," असं ती म्हणाली होती. तिच्या हातांना ओल्या मातीचा वास होता. त्यानं हात सोडवून घेतले नव्हते.

गॅरेजमधून निमकर घरी आला तेव्हा कुंदा स्वयंपाकघरात होती. तो बाहेरच्या खुर्चीत बसून राहिला. थोड्या वेळानं तिनं गॅसवरचं दूध बघायला सांगितलं आणि ती गॅलरीत कपडे काढायला गेली. दूध चढू लागल्याचा आवाज त्याला ऐकू आला. कडेनं ते सुरसुरलं तेही ऐकू आलं. तो उठला नाही. कुंदा धावत आली, गॅस बंद करून म्हणाली, "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. हातात ओलं फडकं घेऊन तिनं उभ्या उभ्याच ऐकलं. त्याचं झाल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, कोण ओरडतंय ते. आणि लगेच गेला असतात तरी पाय वाचला असता असं कशावरून? आता सांगून त्या लोकांच्या जिवाला आणखी त्रास." इतके दिवस कुणीतरी आपल्याला हेच सांगावं अशी त्याची इच्छा होती. तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्याला ते सोसेना.

रविवारी तो पौडच्या गाडीत बसला, पिरंगुटला उतरला आणि चांद्याच्या वाटेला लागला. बाजाराचा दिवस नव्हता. रस्ता ओस होता. काय बोलायचं ते त्यानं गाडीत ठरवून ठेवलं होतं, चालता चालता ते सगळं गळून गेलं. वस्तीजवळ आला तेव्हा घणाचे घाव ऐकू येत नव्हते. विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या.

भिकाजी दारापुढच्या बाजेवर बसला होता. डाव्या बाजूला धोतर गुडघ्याखाली घडी घालून खोचलेलं. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी बुद्धाची. निमकरला बघून त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद उमटला. "या, या सायेब! ए, सायेब आल्यात, च्या ठिव." केशरबाई बाहेर आली, पदर नीट करून तिनं निमकरला बसायला पोतं अंथरलं. उंबऱ्याशी त्यांचा मुलगा सोपान चपलेचा अंगठा शिवत होता. तो पिरंगुटच्या एका कारखान्यात होता. अपघात झाला तेव्हा कामावर गेलेला. त्यानं नुसती मान हलवली.

"सूनबाई दिसत नाहीत?" निमकरनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

 मग केशरबाई चहाचा कप त्याच्या हातात देत हळूच म्हणाली, "माण गावाला हाय, म्हायारी. ह्यानं धाडलीया."

"मी धाडली," सोपान मान खाली घालूनच म्हणाला. "दोर धरून हिरीच्या काठावर बसायचं तिचं काम व्हतं. सोडून गेली शूटिंग बघाय."

"मीच जा म्हनलं तिला," भिकाजी म्हणाला. "कितींदा सांगू तुला? पोरीचा जीव, म्हनलं बघून यिऊ दे. काम बंदच व्हतं. मी आपला उगं तळाचा राडा-चिखल काढाया खाली उतरलो."

"बघाय गेली ते गेली. पर हाक ऐकू आली न्हाई म्हनती! आबा, तुमी म्हनताय हाक मारली. ती म्हनती, न्हाईच आली. दोगांतलं एक खोटं. आन तुमी खोटं बोलनार न्हाई." सोपाननं दाभण जमिनीत रोवलं. "ऐकून बी उठली न्हाई ती. तमाशा सोडवंना तिला."

निमकरच्या हातातला चहा तसाच होता. ओसरीवरून एक कोंबडी पिलं घेऊन गेली, तिचा दबका आवाज, चुलीत ओल्या लाकडाची चरचर, सगळं त्याला फार जवळ ऐकू येत होतं. आपण काय बोलतोय हे त्याला आपलाच आवाज बाहेरून कानावर पडल्यावर कळलं.

"खोटं कुणीच बोलत नाही. हाक आली होती. मी ऐकली."

सोपाननं वर पाहिलं.

"माझ्या कानावर यंत्र होतं. माइक ह्याच दिशेला होता. त्यात ऐकू आली. तिथं उभ्या असलेल्या कुणालाही, नुसत्या कानानं, ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. तुमच्या बायकोलाही नाही. ती खरं सांगते आहे."

"म्हंजे तुमी ऐकली."

"हो."

"आन काय केलं?"

"काही नाही."

सोपान उठून उभा राहिला. त्याचे हात दोन्ही बाजूंना मोकळे लोंबत होते. निमकरला वाटलं, आता हा मारणार, आणि ते त्याला बरंच वाटलं. पण भिकाजी म्हणाला, "बस खाली, सोपाना." मग तो निमकरकडे बघत राहिला. रागानं नव्हे, एखादं काम समजून घेताना बघावं तसा.

"तुमाला कुनाची वाटली हाक?"

"कुणाची असं..." निमकर थांबला. "नुसता आवाज वाटला."

"हां," भिकाजी म्हणाला. त्यानं खोचलेलं धोतर जरा सारखं केलं. "येकच मारली मी. पयली मारली आन मंग ध्यानात आलं, तुमचं चाललंय. म्हनलं, आता वरडलो तर इस्कोट हुईल. गप ऱ्हायाचं कबूल केलंय आपुन. दगूड तवा येवढा जड बी वाटत नव्हता. म्हनलं, हुईल त्यांचं इतक्यात, मंग बोलवू. मंग डोळ्यापुढं अंधारीच आली." तो किंचित हसला. "मानूस काय बी इचार करतो बगा."

केशरबाई आत निघून गेली. आतून भांड्याचा आवाज आला नाही, काहीच आलं नाही.

निमकर कप खाली ठेवून म्हणाला, "ती हाक चित्रपटात आहे अजून. दिग्दर्शकाला ठेवायची आहे. तुम्ही सांगाल तसं करतो."

"ते तुमच्या पिच्चरचं तुमी बगा," भिकाजी म्हणाला. "मला त्यातलं काय कळतं?"

सोपाननं चप्पल पायात घातली. "चला," तो निमकरला म्हणाला. "हितं सांगितलं ते माणला येऊन सांगा. तिच्या बापाम्होरं, भावकीम्होरं. मी सांगून कोन ऐकनार न्हाई, मीच तिला घालवलीया."

शेताच्या बांधाबांधानं दोघे निघाले. सोपान पुढं, निमकर मागं. हरभरा काढून झालेली रानं, पायाखाली फुटणारी वाळकी ढेकळं. सोपान एकदाही मागं वळला नाही. निमकर त्याच्या टाचांकडे बघत चालत होता. 'गप ऱ्हायाचं कबूल केलंय आपुन.' हे वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं, आणि फिरता फिरता एकदम एका जागी येऊन अडकलं. टेक संपल्यावर त्यानं जी शांतता टेपवर घेतली होती, ती सुरेख, एकही डाग नसलेली शांतता, तिच्यात भिकाजी होता. मांडीवर कुत्री धरून बसलेली म्हातारी माणसं होती, बांगड्या मुठीत धरलेल्या बायका होत्या, तसाच विहिरीच्या तळाशी पायावर दगड घेऊन भिकाजीही होता, ओठ मिटून, त्यांच्यासारखाच दिलेला शब्द पाळत. म्हणूनच ती इतकी सुरेख आली होती. निमकर बांधावर थांबला. सोपान बराच पुढं गेला होता. निमकर पुन्हा चालू लागला.

पुढे पुण्यात त्यानं चौबळला सगळं सांगितलं, तेव्हा चौबळ मशीनच्या बंद काचेकडे बघत म्हणाला, "काढ ती." निमकरनं तेवढा तुकडा कापला. त्या जागी दुसरं काहीतरी जोडावं लागतं, आणि त्या जागेशी, त्या हवेशी जुळणारी अशी एकच गोष्ट त्याच्याकडे होती. त्यानं ती शांतता जोडली. चित्रपट काही थोड्या लोकांनी पाहिला. मालती गप्प होते ती जागा अंगावर येते, असं त्यांतले बरेच जण म्हणाले. निमकर चित्रपटगृहात त्या जागेच्या आधी उठून बाहेर जायचा.

त्या रविवारी दोघे माणला पोचले. सोपानच्या बायकोच्या, इंदूच्या, बापाचं घर रस्त्यालगतच होतं. बाप, दामू, ओट्यावर दोर वळत बसला होता. इंदू अंगणात ज्वारी पाखडत होती, शेजारी फडक्यावर तिचं लहान पोर पालथं पडून माती चाखत होतं. निमकरनं तिला ओळखलं नाही. त्या दिवशी आंब्याखाली जमलेल्या बायकांतली ती कुठली, ह्याची त्याला काडीची आठवण नव्हती. सोपान ओट्यापासून चार हात लांब उभा राहिला. "सांगा," तो म्हणाला.

निमकरनं सांगितलं. शेजारपाजारचे दोघं-तिघं येऊन उभे राहिले, एक म्हातारी कानामागं हात धरून पुढं सरकली, म्हणून त्याला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यानं काही गाळलं नाही. हाक कुणालाच ऐकू आली नसती, फक्त मला आली, आणि मी उठलो नाही. इंदू सूप मांडीवर ठेवून ऐकत होती. तिशीच्या आतली, सावळी, कपाळ मोठं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

दामूनं दोर खाली ठेवला. "ऐकलंस का गं इंदे? सायेब सोता आलं सांगाया. तुजं खरं व्हतं, बाय."

"माजं खरं व्हतं ते मला ठावं व्हतं की," इंदू म्हणाली.

"अगं पर आता समद्यांला..."

"समद्यांला मी काय सांगत व्हते इतकं दीस?" तिचा आवाज चढला नाही. "पोराच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं. आबांच्या पायाशी बसून सांगितलं. ह्यांच्या म्होरं घसा फुटंस्तवर सांगितलं. तवा कुनाच्या कानात शिरलं न्हाई. आता पुन्याचा मानूस आला, त्यानं मिशिनीत ऐकलं म्हनला, तवा खरं झालं व्हय?"

सोपान म्हणाला, "चल घरी. आबा वाट बगत्यात."

"आबांला सांगा, येनार हाय मी. त्यांचं करायला मला यायचंच हाय. पर आज न्हाई."

"मंग कवा?"

"मला वाटंल तवा. ह्या सायबाच्या सांगन्यावरनं न्हाई यायची."

आता ती आपल्याला काहीतरी बोलेल म्हणून निमकर उभा होता. चांद्याहून इथवर तो त्याच एका आशेवर चालत आला होता, हे त्याला आत्ता कळलं. कुणीतरी तोंडावर चार शब्द फेकायला हवे होते. भिकाजी हसला होता, सोपाननं हात उचलला नव्हता, आता ही एक उरली होती. इंदूनं त्याच्याकडे पाहिलंही. मग सासरहून आलेल्या कुणा पाहुण्याला बोलावं तशा सरळ आवाजात ती म्हणाली, "तुमचं काय न्हाई. तुमी परकं मानूस." आणि आत तोंड करून तिनं आईला पाणी आणायला सांगितलं.

तांब्या आला. निमकर पाणी प्यायला, सगळं प्यायला, तांब्या रिकामा करून त्यानं ओट्यावर ठेवला. इंदूनं सूप उचललं. तिनं पहिली पाखड घातली तसा कोंडा उडाला, आणि पोर त्याकडे बघून खुदकन हसलं. जमलेली माणसं एक एक करून पांगली. पुण्याची गाडी कुठून मिळेल, असं निमकरनं दामूला विचारलं, आणि दामूनं हातानं नुसती दिशा दाखवली.

"सोपान, येतो मी," तो म्हणाला. "तू येतोस वाटेपर्यंत?"

"तुमी जावा."

रस्त्याच्या वळणावर निमकरनं मागं वळून पाहिलं. सोपान चपला काढून ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. सासऱ्यानं त्याला अजून वर ये म्हटलं नव्हतं.